कुसुमकाकूंच्या गुरूची सही

आमच्या शेजारच्या कुसुमकाकू पालकाची जुडी गिऱ्हाइकाच्या हातात लगेच ठेवत नाहीत. आधी सोळा मात्रा मोजतात, पाय आपटतात, मग देतात. कोणी कुरकुर केली तर ऐकवतात, "काऊन घाई करून राह्यला? सम येऊ दे." आणि गंमत म्हणजे गिऱ्हाइकं थांबतात.

संध्याकाळी ह्याच काकू गावातल्या पोरींना कथ्थक शिकवतात. ताल चुकला की त्या पोरीला थेट वांग्याच्या शेतात पाठवतात. एका झाडाला एक पाऊल, एका पावलाला एक मात्रा. चुकून रोप तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. माझी लेक महिनाभर वांग्यांतच होती, पण आता तिचा ताल चुकत नाही.

यंदा तालुक्याच्या एका शाळेला नृत्यशिक्षिका हवी होती. आपल्याला एकदा तरी कोणी मॅडम म्हणावं, ही काकूंची जुनी हौस. अट एकच, नृत्याची पहिली परीक्षा पास हवी. पन्नाशीच्या काकू आठ-आठ वर्षांच्या पोरींशेजारी परीक्षेला बसायला एका पायावर तयार झाल्या. घोडं अडलं ते फॉर्मवर. तिथे गुरूची सही लागत होती.

सगळ्या बाजाराला पुरून उरणाऱ्या काकूंनी दोन दिवस तो फॉर्म भाजीच्या टोपलीखाली दडवून ठेवला. मग मला सांगितलं. लग्नानंतर अकरा वर्षं त्या सेवाग्रामला एका बाईंकडे भाजी द्यायला जायच्या. बाई आत नाच शिकवायच्या आणि काकू टोपली घेऊन खिडकीबाहेर उभ्या राहायच्या.

"चोरून शिकली मी, वंदे. आता कोन्या तोंडानं सही मागू?"

मीच त्यांना ओढत नेलं. बाई आता काठीशिवाय चालत नाहीत. काकूंनी खाली मान घालून सगळं कबूल केलं. बाईंनी नुसतं करून दाखवायला सांगितलं. काकू नाचल्या. मी त्यांना रोज बघते, तरी माझे डोळे भरून आले.

"हात सुरेख आहेत," बाई म्हणाल्या. "टाच मात्र उशिरा पडते. खिडकीतून माझे पाय दिसत नसतील."

मग भिंतीला धरून त्यांनी ती टाच तीनदा पाडून दाखवली आणि सही केली.

परतताना ऑटोत काकू फॉर्म छातीशी धरून रडत होत्या. मी म्हटलं, आता काऊन रडता, सही तर मिळाली.

"सही त भेटली व," त्या म्हणाल्या. "पन इतक्या वर्षांत मले कोनी चूक सांगतलीच नव्हती."