आशादायक दुःख

व्हिडिओसाठी संगीत शोधावं तर मीच! लग्न असो, कारखान्याचं उद्घाटन असो, मला फक्त चित्रीकरण द्या. त्याला शोभेल अशी धून चहा निवायच्या आत काढून देतो. तीही कायदेशीर! सिनेमातलं गाणं ढापायचं आणि इंटरनेटवर व्हिडिओ मुका झाला की डोक्याला हात लावून बसायचं, असले उद्योग आपण करत नाही. आपण रॉयल्टी-फ्री संगीत वापरतो. साइटवर एकदा परवाना घ्यायचा, मग खुशाल वाजवा!

म्हणूनच काका गेले तेव्हा मावशीनं मला बोलावून घेतलं.

"शोकसभेत लावायला यांची एक फिल्म कर," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "यांच्यासाठी कुणीतरी रडायला हवं रे. नाहीतर लोक येतील, चहा पितील आणि सुटलो एकदाचे म्हणत घरी जातील."

तिची भीती खोटी नव्हती. काका म्हणजे जमदग्नीचा अवतार! वरच्या मजल्यावरच्या कुंडीतून थेंब पडला तरी लेखी तक्रार. बिल्डिंगमध्ये त्यांच्याशी न भांडलेलं घर एकच, कायम कुलूप असलेलं! आवाजाचा त्रास नको म्हणून त्यांनी घरात टीव्हीसुद्धा येऊ दिला नव्हता. पण मावशीचा जीव होता त्यांच्यावर. तिचे सुजलेले डोळे बघून मला भडभडून आलं.

"मावशी, भिंती रडतील भिंती!" मी म्हणालो.

साइट उघडली. तिथे दुःखाचेही कप्पे असतात. हलकं दुःख, गंभीर दुःख, पावसाळी दुःख, आशादायक दुःख! शेवटच्या कप्प्यात एक पियानो सापडला. आधी कुठेतरी अडून बसल्यासारखे जड सूर, आणि मग एकदम सगळं मोकळं! परवान्याच्या अटी मी नेहमीसारख्या न वाचताच मान्य केल्या.

आता फोटो. काका प्रत्येक फोटोत आठ्या घालून बसलेले, अगदी स्वतःच्या लग्नातसुद्धा. हसरा फोटो एकच निघाला, शेजाऱ्याची गाडी टोइंगवाले उचलून नेत होते तेव्हाचा. मी आठ्यांचे सगळे फोटो जड सुरांवर बसवले आणि हसरा फोटो बरोब्बर सूर मोकळे होतात तिथे! मावशीला ऐकवलं.

"हे सूर फक्त यांच्यासाठीच ना रे?" तिनं विचारलं.

"परवाना माझ्या नावावर आहे, मावशी!"

शोकसभेला हॉल भरला होता. दिवे मालवले, पियानो सुरू झाला, पडद्यावर एकामागून एक आठ्या येऊ लागल्या. आणि समोरच्या रांगेतले खांदे हलायला लागले! मी मावशीला कोपरानं खुणावलं. बघ, म्हटलं, रडतायत! तेवढ्यात कुणीतरी नाकातून फुर्रकन आवाज काढला.

"अहो, ही तर त्या पोट साफ करायच्या औषधाची जाहिरात!" मागून कुजबुज आली.

"तीच की! थांबा, आता होईल बघा मोकळं!"

आणि त्याच क्षणी पडद्यावर काका भिंतीएवढे हसले!

हॉल हशानं दणाणला. मी धडपडत लॅपटॉपकडे धावलो आणि घाईत नुसतं पॉजचं बटण दाबलं. काका हसते तसेच पडद्यावर थांबले. पुन्हा हशा! टीव्हीवर जाहिराती लागल्या की मी आवाज बंद करतो, मला काय माहीत ही धून घराघरात पोचलीय ते! मला जो परवाना मिळाला तोच त्या औषधवाल्यालाही मिळाला होता. उद्या तुम्हीसुद्धा घेऊ शकता.

शेवटी एकदाचा पडदा बंद केला आणि मावशीशेजारी जाऊन बसलो. लोक रुमालात तोंड खुपसून चहाकडे निघाले होते. ती समोरच बघत होती.

"हसले ना रे सगळे?" तिनं विचारलं.

लाज, राग, तिची कीव, सगळं एकदम उसळून आलं आणि मी चारचौघांत ढसाढसा रडलो!

मावशीनं माझा हात घट्ट धरला.

"निदान तू तरी रडलास," ती म्हणाली. "इतका जीव होता तुझा यांच्यावर?"

आता काय सांगणार कपाळ! म्हटलं, हो.