राखणदाराची बाजरी

रंगनाथ मास्तरांच्या घराला पाच आठवडे कुलूप लावायचं की घरात कुणाला तरी बसवायचं, यावर नवरा-बायकोत तीन दिवस वाद चालला होता. भुसावळला दिलेल्या मुलीचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं. मनकर्णाबाईंना जाणं भागच होतं आणि शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागल्यामुळे मास्तरांनाही मागं राहायला सबब उरली नव्हती. पण राहुरीत त्यांच्याच गल्लीतली दोन बंद घरं त्या महिन्यात फुटली होती. शेवटी मनकर्णाबाईंनी पाथर्डीकडच्या आपल्या मामेभावाला, गहिनीनाथला, कार्ड टाकलं. चौथ्या दिवशी गहिनीनाथ आणि त्याची बायको राहीबाई वळकटी घेऊन दारात हजर.

गहिनीनाथ पन्नाशीचा, उंच, हाडकुळा आणि मानी माणूस. एका लग्नात आहेराची टोपी जरा हलकी वाटली म्हणून पंगतीतून उठलेला. हे मास्तरांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी निघताना शब्द जपून वापरले.

"हे बघा गहिनीनाथ, तुम्ही घर राखता आहात हे आमच्यावर उपकार आहेत. घरातलं सगळं आपलं समजून वापरा. बाजरीची कणगी भरलेली आहे, डबे भरलेले आहेत. विजेचं बिल आलं तर फळीवर ठेवा, मी आल्यावर बघतो."

"म्हंजे दिवा आमी जाळायचा आन् बिल तुमी भरायचं?"

"मग? घर माझंच आहे ना?"

"घर तुमचं, पन उजेड आमच्या डोळ्यांला पडनार न्हवं?"

टांगा दारात उभा होता आणि मनमाडची गाडी कुणासाठी थांबणार नव्हती. मनकर्णाबाईंनी राहीबाईला आत नेऊन डबे दाखवले, पाण्याची वेळ सांगितली, आणि दोघं गेली.

टांगा वळला तसा गहिनीनाथनं ओट्यावर बसून बायकोला फर्मान सोडलं. "ऐक. भावानं बहिनीला द्यायचं आसतं. तिच्या माघारी तिचं खायचं न्हाई. हितल्या एका डब्याला हात लावायचा न्हाई."

"अवो, मग आज काय खायाचं?"

"आजच्यापुरतं घे. पन जेवढं घेशील तेवढं ध्यानात ठेव. गावाकडनं आनून समदं परत टाकू."

"आनि चिमूटभर मीठ घेतलं तर? त्येबी एष्टीनं मागवायचं का?"

गहिनीनाथनं थोडा विचार केला. "मिठाचं बघू," तो म्हणाला. पण त्याच दुपारी त्यानं गावाला कार्ड टाकलं: दोन पायल्या बाजरी मिळेल त्याच्या हाती पाठवा.

बाजरी घेऊन आला पुंजाराम, त्याचा चुलतभाऊ. एस.टी.च्या टपावरून पोतं उतरवून, ते डोक्यावर घेऊन घर शोधता शोधता त्याची पुढची गाडी चुकली. मुक्काम करणं आलं. जेवणाच्या वेळेला गहिनीनाथ गंभीर झाला.

"पुंजा, तुला जेवू घालायला मला आनंदच हाय. पन हे घर माजं न्हाई, आक्काचं हाय. तिच्या घरात उतरायचं तर मोकळ्या हातानं बरं दिसंल का?"

पुंजाराम पुढं श्रीरामपूरला आपल्या मेव्हण्याकडं मटकी घेऊन चालला होता. त्यातली निम्मी त्यानं तिथंच ओतली आणि मग दोन भाकरी जास्त खाल्ल्या. गावात परत गेल्यावर त्यानं पारावर बसून सांगितलं, की गहिनीनाथचं राहुरीत पक्कं घर आहे, दारात नळ आहे, आणि भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागतो. मूठभर काहीतरी घेऊन गेलं की झालं.

गावाला राहुरीत काही काम नव्हतं असं नाही. कामं होती, उतरायला जागा नव्हती. आता एकेकाला कामं आठवू लागली. गोरक्षनाथला कृषी विद्यापीठातलं नवं बियाणं बघायचं होतं. दोन जोडपी शिर्डीला जाताना आणि येताना अशी दोनदा उतरली. चार म्हातारे नुसतं धरणाचं पाणी बघायला आले. एवढं पाणी एका ठिकाणी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला गेले. लंकाबाई नावाची गावातली वयस्क विधवा डोळे दाखवायला आली आणि औषध पंधरा दिवस घालायला सांगितल्यामुळे राहिलीच. प्रत्येकानं काही ना काही आणलं: बाजरी, हुलगे, शेंगा, गुळाची ढेप, लसणाची जुडी. एकानं बाजारात विकायला बोकड आणला होता. भाव पटला नाही, आणि परत न्यायला ट्रकवाला तयार होईना. त्यानं बोकड लिंबाच्या झाडाला बांधला आणि म्हणाला, "ह्यो आक्कांना."

"आरं, तू येकच दिस ऱ्हायला!"

"मग बाकीचे दिस पुढच्या वक्ताला ऱ्हाईन."

दिव्याचा मात्र गहिनीनाथनं बंदोबस्त केला होता. संध्याकाळी तो स्वतःच्या रॉकेलचा कंदील लावायचा, बटणाला शिवायचा नाही. पण गावात वीज नव्हती आणि आलेल्या प्रत्येकाला चमत्कार बघायचाच असायचा. "येकदा दाव की रं," अशी विनवणी झाली की तो उठायचा, बटण दाबायचा, सगळ्यांनी "आगं आयाया" म्हटलं की लगेच बंद करायचा. मग उशिरा आलेल्यासाठी आणखी एकदा. तेवढ्यानंही त्याच्या मनाला रुखरुख लागली होती, म्हणून बिल आलं तेव्हा तो स्वतः रांगेत जाऊन उभा राहिला.

"धुमाळ मास्तर तुम्हीच का?" खिडकीतल्या माणसानं विचारलं.

"न्हाई. मेव्हना."

"मग तुम्ही कशाला भरताय?"

"तुमाला पैसं पायजेत का नातं?"

खिडकीतल्या माणसानं पावती फाडली.

समोर राहणारे काकासाहेब मोजणीखात्यातून निवृत्त झालेले होते. मोजायला आता जमिनी उरल्या नव्हत्या, म्हणून ते समोरच्या घरातली माणसं मोजत. चौथ्या आठवड्यात त्यांनी भुसावळच्या पत्त्यावर कार्ड लिहिलं: "आपल्या घरात दिवे लागत नाहीत. मात्र संध्याकाळी एकाएकी दिवा लावून लगेच विझवतात, कुणाला खुणा करतात ते कळत नाही. माणसं रोज नवी दिसतात. काल अकरा होती, शिवाय एक बोकड. आपण घर भाड्यानं दिलं आहे किंवा कसे, हे कळवावे."

नात होऊन आठ दिवस झाले होते आणि घरात बायकांचंच राज्य होतं, त्यामुळे मास्तरांना निघायला कारण हवंच होतं. कार्ड वाचून त्यांनी ते खिशात टाकलं. बायकोला त्यांनी ते दाखवलंच नाही. "शाळेचं काम निघालंय," एवढं सांगून, डझनभर केळी पिशवीत टाकून त्यांनी गाडी गाठली.

सकाळी दहाच्या सुमाराला मास्तर आपल्या दारात उभे राहिले, तेव्हा ओट्यावर एक अनोळखी बाई सुपात मटकी निवडत होती. अंगणात तीन धोतरं वाळत होती. लिंबाचं झाड हात पोचेल तिथपर्यंत बोडकं झालं होतं आणि त्याखाली बोकड डोळे मिटून रवंथ करत होता.

"कोन गाव, पाव्हनं?" लंकाबाईनं औषधानं चिकटलेले डोळे किलकिले करून विचारलं.

"मी... भुसावळहून आलो."

"आगाबया, लांबून! म्या म्हनलं आपल्याकडचंच हायेत. या, पाय धुवा. काय आनलंय?"

"काय आणलंय म्हणजे?"

"घरात ठेवायला. हितं मोकळ्या हातानं उतरायचं न्हाई. गहिनीनाथाच्या बहिनीचं घर हाय हे, धर्मशाळा न्हाई."

मास्तरांनी एकवार दारावरच्या आपल्याच नावाच्या पाटीकडं बघितलं. मग का कोण जाणे, त्यांना पुढचं ऐकावंसं वाटलं. "बहीण कशी आहे हो?" त्यांनी विचारलं.

"लई भली म्हनत्यात. नवरा मास्तर हाय. जरा चिक्कू हाय म्हनं, पन मानूस वाईट न्हाई."

मास्तरांनी पिशवीतली केळी काढून तिच्यापुढं ठेवली. लंकाबाईनं ती दाबून बघितली. "केळी टिकत न्हाईत. फुडल्या वक्ताला कायतरी धान्यधुन्य आना. बसा, च्या सांगते."

मास्तर पाय धुऊन आपल्याच ओट्यावर पाहुण्यासारखे अंग चोरून बसले. चहाचे दोन घोट झाले असतील नसतील, तोच गहिनीनाथ गोरक्षनाथबरोबर बियाण्याच्या पुड्या घेऊन परतला आणि फाटकातच थिजला.

"दाजी! आवो, कळवायचं तरी!"

लंकाबाईच्या हातातलं सूप कलंडलं. "ह्येच मास्तर व्हय?" तिनं पदर पुढं ओढला, आणि जरा वेळानं पदराआडून म्हणाली, "मग केळी माघारी देऊ का?"

मास्तरांनी हसायचं की रागवायचं हे अजून ठरवलं नव्हतं. पण गहिनीनाथनं त्यांना तेवढी उसंतच दिली नाही. त्यानं त्यांचा दंड धरून आत नेलं. माजघरात भिंतीला लागून बाजरीची दोन पोती, हुलगे, मटकी, शेंगा, गूळ, तीन दुधी भोपळे आणि कसल्या कसल्या गाठोड्यांची उतरंड लागली होती.

"बघा, दाजी. बिलबी भरलंय. समदी मानसं आली, जेवली, गेली, पन आक्काच्या घरचा येक दाना कुनी खाल्ला न्हाई. पयल्या दिवशीचं घेतलेलंबी परत टाकलं. या, तुमची कनगी दावतो, जशीच्या तशी आसंल."

त्यानं ऐटीत कणगीचं झाकण काढून आत हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत गेला. त्यानं डोकं आत घालून बघितलं. मग शेंगदाण्याचा डबा उघडला, गुळाचा उघडला, तेलाची बरणी हलवली. सगळं रिकामं, धुऊन-पुसून लख्ख.

गहिनीनाथचा चेहरा पांढराफटक पडला. "दाजी, चोरी झाली," तो पुटपुटला. "माज्या राखनीत चोरी झाली! आता आक्काला तोंड कसं दावू?"

चुलीपाशी बसलेली राहीबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "चोरी कशाची? तुमीच खाल्लं. आनि तुमच्या गावानं."

"काय?"

"जाताना वन्संनी मला शपथ घातली. म्हनल्या, 'माझ्या घरचं संपल्याबिगर दुसरं शिजवायचं न्हाई, आनि त्याला कळू द्यायचं न्हाई.' तुमी म्हनला, आक्काचं खायचं न्हाई. मी काय करू? दोघांचंबी ऐकलं. पोटात वन्संचं गेलं, पोत्यात तुमचं ऱ्हायलं."

गहिनीनाथ मटकन उंबऱ्यावर बसला. "म्हंजे येक म्हयना मी बहिनीच्या घरचं खात व्हतो?"

"व्हय. चवीनं."

मास्तरांना हसू फुटणार होतं, पण मेव्हण्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलेलं बघून ते गिळलं गेलं. ते शेजारी टेकले. "अहो, बाजरी ती बाजरी. एक संपली, दुसरी आली. हिशेब सरळ आहे."

"हिशेबाचं न्हाई, दाजी. आमच्यात नावं ठेवत्यात."

"कोन ठेवतंय?" लंकाबाई दारातून कडाडली. "गाव तर समदं हितंच बसलंय! आरं, तिनं भावाला खाऊ घातलं, भावानं तिचं घर भरलं. आनखी काय पायजे तुला? ऊठ, पोती वत कनगीत. आनि त्या बोकडाला आवरा, त्यानं माजं धुनं धरलंय."

गोरक्षनाथ बोकडाकडं धावला. मास्तरांनी पोत्याचं एक टोक धरलं, गहिनीनाथनं दुसरं. बाजरी कणगीत पडू लागली तसा तो हळूहळू सावरला, आणि दुसऱ्या पोत्याला तर त्यानं मास्तरांना हातही लावू दिला नाही. दुपारी सगळी एका पंगतीला बसली. मास्तरांनी मागून वाढून घेतलेली तिसरी भाकरी नेमकी कोणत्या बाजरीची होती, ते राहीबाईखेरीज कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

मनकर्णाबाई परतल्यावर गहिनीनाथ गावी गेला. पुढं महिन्याभरात त्याचं कार्ड आलं. राहीबाईच्या भाचीचं लग्न होतं, चार दिवस दोघांना जाणं भाग होतं, घरी गुरं आणि कोंबड्या. दाजी राखणीला आले तर बरं होईल.

मास्तर आनंदानं रजा टाकून तयार झाले. आदल्या दिवशी बाजारात जाऊन त्यांनी चहाची पुडी, साखर, तांदूळ, तुरीची डाळ, गोडंतेल आणि आगपेट्यांचा पुडा घेतला. मनकर्णाबाई बघतच राहिल्या. "त्याच्या घरी काय चूल पेटत नाही का?"

"पेटते गं. पण चार दिवस मेव्हण्याचं फुकट खायचं म्हणजे बरं दिसत नाही."

गहिनीनाथ एस.टी.ला न्यायला आला होता. त्यानं मास्तरांच्या हातातली पिशवी घेतली, ती जड लागली म्हणून तोंड उघडून आत बघितलं, एकेक पुडी वर काढली, आणि त्याच्या कपाळावरची शीर तटतटून फुगली.

"दाजी," तो भर स्टँडवर ओरडला, "घर राखायला आलात का दुकान मांडायला?"