तिसरी नळी

मला राग येत नाही. लोक मला राग आणतात, एवढंच!

फ्रीज आणि एसी दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षं गेली. धातूची नळी वाकवण्यात माझा हात धरणारा या शहरात दुसरा कुणी नाही. हे मीच म्हणतो, कारण दुसरं कुणी म्हणत नाही.

बायको दवाखान्यात एक्सरे काढते आणि सुट्टीच्या दिवशी पेंटबॉल खेळते. म्हणजे हवेच्या बंदुकीतून रंगाच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायचं. दोन वर्षं ती राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसली. त्या रविवारी दुपारी तीनला अंतिम सामना होता आणि पहिल्यांदाच तिचं नाव पहिल्या पाचांत लागलं होतं. नेमकी आदल्या दिवशी तिच्या बंदुकीची हवेची रबरी नळी फुसफुसायला लागली.

"अहो, येताना अशीच एक रबरी नळी आणाल का?" ती म्हणाली.

"रबरी?" मी कडाडलो. "मी घरात असताना रबरी? स्टीलची घालून देतो! जन्मात गळली तर नाव बदलीन!"

आणि आपल्या बोलण्यात दम आहे हे दाखवायला मी जुन्या नळीचे कटरने तिथल्या तिथे दोन तुकडे केले.

बायको त्या तुकड्यांकडे बघत राहिली. "बरं, मग निदान मी बंदूक धरून दाखवते. त्यावरून माप घ्या."

"माप घ्यायला तू मला शिकवू नकोस!"

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. स्टीलच्या नळीचे तीन तुकडे, वाकवायचा बेंडर, नट आणि एक मऊ तार. आधी तार वाकवून आकार काढायचा, मग नळी तशीच वाकवायची, ही आमची पद्धत. बंदूक हातात धरली, मुठीखालच्या जोडापासून पुढच्या जोडापर्यंत चापाला डाव्या बाजूने वळसा घालून तार वाकवली. झक्क!

समोर सासरे येऊन बसले. निवृत्त ग्रंथपाल. घरात काही वाकडं दिसलं की त्यांचा जीव कासावीस होतो.

"जावईबापू, बसमधून जाणार का रिक्षाने?"

"बाबा, मी कामात आहे!"

"नाही, बसला गर्दी असते."

मी दात खात नळी वाकवली. दोन्ही तोंडं फुलवली, म्हणजे टोकं रुंद केली. नळी अशी सुबक झाली की सासरेही क्षणभर बसबद्दल बोलायचे थांबले! मग माझं लक्ष टेबलाकडे गेलं. दोन्ही नट तिथेच बसले होते. नट आधी नळीत सरकवायचा आणि मग तोंड फुलवायचं. एकदा फुलवलं की नट आत जात नाही. याच चुकीसाठी मी दुकानातल्या लोकांना शिव्या घालतो!

"बस! बस! बस!" मी ओरडलो. "तुमच्या बसपायी नट राहिले, बाबा!"

तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी तरातरा गॅलरीत गेलो आणि पाच मिनिटं समोरच्या इमारतीवर रागावलो. परत आलो, नट आधी सरकवले, तारेशी ताडून दुसरी नळी वाकवली आणि बंदुकीला लावली. एक टोक जोडावर. दुसरं थेट छताकडे!

"हे कसं शक्य आहे?"

सासरे घसा खाकरून म्हणाले, "ती तार जरा वाकडी झाली होती. मी सरळ करून ठेवली."

"काय?"

"मग लेक म्हणाली, बाबा, ती वाकडीच हवी. म्हणून मी पुन्हा वाकवली. आठवेल तशी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. सासरे वर्तमानपत्रामागे गेले आणि तिथेच राहिले.

घड्याळात एक वाजला होता. बायको खेळाचे कपडे घालून दारात उभी होती. "अहो, एक मिनिट माझा हात बघता का? तुम्ही तार ज्या बाजूने..."

"आता कुणी एक शब्द बोलायचा नाही!"

शेवटची नळी. मी नवी तार वाकवली. नट सरकवले, ते दोनदा मोजले. वाकवली, फुलवली, बसवली, आवळली. हवेची बाटली जोडून गळती बघायला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही! मी विजयी मुद्रेने बंदूक बायकोच्या हातात दिली.

तिने ती डाव्या हातात घेतली. बोट चापाकडे नेलं. ते नळीवर अडलं. पुन्हा नेलं, पुन्हा अडलं.

"मी डावखुरी आहे," ती म्हणाली.

"मग हे आधी नाही सांगायचं?"

वर्तमानपत्र हळूच खाली आलं. लग्नाला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं ती माझ्यासमोर डाव्या हाताने जेवते आहे.

"तीनदा तोंड उघडलं मी!" आता ती ओरडली. "कालपासून! तुमच्या रागात माणसाला वाक्य तरी पुरं करता येतं का? दोन वर्षं बाकावर बसले मी या दिवसासाठी!"

मी न ओरडता रिक्षा बोलवायला गेलो. असं सहसा होत नाही.

ती उजव्या हाताने खेळली. एकही गोळी कुणाला लागली नाही. चौथ्या मिनिटाला बाद झाली आणि पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसली. मला फार वाईट वाटलं, पण ते सांगायची मला सवय नाही.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, "एक गोळी उरली आहे. मास्क घाला आणि तिकडे उभे राहा."

मी हुज्जत घातली नाही. दहा पावलांवर जाऊन उभा राहिलो. मनात म्हटलं, उजव्या हाताने हिचा नेम लागत नाही, हे आज सगळ्या मैदानाने पाहिलं आहे.

गोळी छातीच्या बरोबर मधोमध बसली. आठवडाभर काळंनिळं होतं.

नळी मात्र तसूभरही गळली नाही, याची कृपया नोंद घ्यावी.