लेनर्डच्या गोधडीतले जुळे

"माझ्या तोडीचा गुप्तहेर अख्ख्या ओंटारिओत नाही, अर्मा," ऑर्विल शांट्झ म्हणाले. "नजर घारीची, मेंदू वस्तऱ्याचा, आणि दिशांचं ज्ञान तर उपजतच. इथे डावीकडे घे."

अर्माने डावीकडे घेतलं आणि गाडी कुणाच्या तरी गोठ्यासमोर जाऊन थांबली. थोरले दीर, म्हणून तिने नुसती गाडी मागे घेतली. जन्मभर शाळेची बस चालवून निवृत्त झाल्यावर भाऊजी हेर झाले, आणि त्यांना फिरवायचं काम तिच्या गळ्यात पडलं.

चर्चच्या हॉलमध्ये व्हेल्मा गिंगरिच भिंतीवर टांगलेल्या गोधडीखाली बसून होती. तिचा नवरा लेनर्ड गणिताचा मास्तर. एक चौकोन नुसत्या समद्विभुज काटकोन त्रिकोणांत असा कापायचा की एकही त्रिकोण दुसऱ्याएवढा नको, हा त्याचा ध्यास. वारण्याआधी त्याला तो चौकोन जमला. व्हेल्माने आणि तिची नणंद आल्टा हिने त्याच्याच जुन्या शर्टांतून तो शिवला. दुपारी मदतनिधीसाठी त्याच गोधडीचा लिलाव होता. आणि सकाळीच विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी पट्टी लावून फार नम्रपणे सांगितलं होतं की हे दोन त्रिकोण सारखे आहेत.

"लेनर्ड चुकला असेल का हो?" व्हेल्माने हळूच विचारलं. "शेवटी शेवटी त्याला नीट दिसत नव्हतं."

"मास्तर चुकत नसतात, त्यांना चुकवलं जातं," ऑर्विल म्हणाले. "कुणीतरी एक त्रिकोण उलटा शिवलाय."

"उलटा केला तरी तो तेवढाच राहतो, भाऊजी," अर्मा म्हणाली.

"मग गोधडीच बदललीय."

"शर्ट सगळे लेनर्डचे आहेत," व्हेल्मा म्हणाली.

"मग हे प्राध्यापक. स्वतःला जमलं नाही म्हणून गुपचूप उसवून शिवलं."

कोपऱ्यात उभे असलेले प्राध्यापक कसनुसे हसले. "मला शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नाही."

"अट्टल गुन्हेगार असंच म्हणतात." ऑर्विल गोधडीला नाक लावून उभे राहिले. "दोघांच्या अंगात एकच निळ्या रेघांचा कपडा, आणि एकमेकांना बिलगून उभे. जुळे आहेत. कट आहे."

गुप्तहेराचे पाय जमिनीवर असावेत, असं ते नेहमी सांगत. त्यांचे दोन तसे होतेही. तिसरा, ॲपल पाय, आल्टाने नुकताच त्यांच्या बशीत वाढला होता.

"तो एकच त्रिकोण आहे," बशी देता देता आल्टा म्हणाली. "शर्टावर मधोमध डाग होता. सलग कापड निघेना, म्हणून दोन अर्धे कापून जोडले. रेघा तेवढ्या वाकड्या गेल्या."

प्राध्यापकांनी पुन्हा पट्टी लावली. दोन्ही मिळून एक धरला, सगळे त्रिकोण नव्याने पाहिले, आणि मान डोलावली. "एवढा दुसरा नाही. मास्तरांचं बरोबर आहे."

"सकाळपासून गप्प का होतीस, आल्टा?" अर्माने विचारलं.

"मला कुणी विचारलं? मी पाय कापत होते."

"म्हणजे जुळे नव्हतेच," ऑर्विल भरल्या तोंडाने म्हणाले. "एकच इसम, वेषांतर करून. मला संशय होताच."

व्हेल्मा जोडाच्या टाक्यांवरून बोट फिरवत होती. "डाग कसला होता गं?"

"बिटाच्या लोणच्याचा."

"जेवताना सुद्धा आकृत्या काढायचा मेला," व्हेल्मा म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. "तो डागाचा तुकडा टाकलास?"

"टाकवला नाही," आल्टा म्हणाली.

"मग तो मला दे. गोधडी विकूया."