नवमीचे पान

टोकावड्याच्या दामूकाकांनी गेल्या पितृपक्षात, अविधवा नवमीच्या दुपारी, दिवंगत पत्नीच्या नावाने ठेवलेले पान कावळा शिवण्याआधी खाल्ले. शेजारी या नात्याने मी तेथे हजर होतो.

यमुनाकाकू गेल्यापासून काका सतत खात. जेवणावर शेव, शेवेवर गूळ, गुळावर सकाळची भाकरी. सून सरिताने डबे वरच्या फळीवर ठेवले, तर काका स्टूल आणत. मुरबाडच्या डॉक्टरांनी शेवटी उपाय सांगितला: खाण्याआधी कुणाला तरी मोठ्याने सांगा, भूक आहे की दुसरे काही. काकांनी मला निवडले. कुंपणापलीकडून हाक येई.

“भाऊ, शेव खातोय!”

“भूक आहे का, काका?”

“नाय रे. आत रिकामं रिकामं वाटतं.”

एवढे सांगून ते खात. “डॉक्टरनी सांगायला सांगितलंय, थांबायला नाय.”

नवमीला हाक आली नाही. पान गोठ्याच्या पत्र्यावर होते. कावळा येईना, आणि त्याशिवाय कुणाला जेवता येईना. मुलगा महेश हात जोडून म्हणाला, “आये, बाबांवर ओरडणार नाय. शिव आता.” ऊन वाढले तशी मंडळी पडवीत गेली. परत येऊन पाहिले तर पान रिकामे.

“शिवला! शिवला!”

पंगत बसली. वाढताना सरिताला काकांच्या मिशीला खीर दिसली. गोठ्याच्या भिंतीशी स्टूल होते.

महेश ओरडला. “आयचं पान खाल्लं, बाबा? लाज नाय वाटत?”

“वाटते,” काका म्हणाले. सगळी पंगत त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी उपरण्याने मिशी पुसली, पुन्हा पुसली. मग खाली बघूनच बोलले, “खीर तिच्यासारखी झालेली गो, सरिता. म्हटलं, कावळ्याला काय कळणार.”

कुणी हसले नाही. सरिताने दुसरे पान वाढले आणि काकांच्या हातात दिले. “तुमीच ठेवा, बाबा.” महेशने स्टूल धरले. थोड्या वेळाने कावळा आला. काका मात्र जेवले नाहीत.

संध्याकाळी हाक आली.

“भाऊ!”

“काय खाताय, काका?”

“काय नाय. आत रिकामं वाटतं. टाइम हाय का?”

मी गेलो. ओट्यावर सरिता आधीच बसलेली होती. काकू खीर किती वेळ ढवळायच्या, ते काका तिला सांगत होते. शेवेचा डबा शेजारी होता. झाकण लावलेले होते.