श्री. पायलट यांचा मंजूर बंगला

माजी नात समीक्षा पाच वर्सं आर्किटेक्चर शिकली, आणि पनवेलात घराचं सगळं आधीच ठरलेलं असतं, हे तिला सहाव्या वर्सी कळलं. खिडकी कुठं ते वास्तुवाला ठरवतो. खांब किती जाड ते भाऊबंदांचे खांब बघून ठरतं. बाकीचं मालक मोबाईलवर दाखवतो, "असंच पायजे, फक्त शेजाऱ्यापेक्षा एक मजला वर." आर्किटेक्टनं सही करायची नि चा प्यायचा.

पोरीला एकच हौस. आपल्या डोक्यातलं एक तरी घर उभं रावं आणि भिंतीवर आपल्या नावाची पाटी लागावी. तिचा बाप, माजा धर्मराज, हळदीचे मंडप घालतो. तो बोलला, "दिवाळीपरेंत घर उभं कर. नाय तर माज्याकडं थर्माकोलचे महाल कर. लोकं त्यात निदान नाचतात तरी."

तेवढ्यात आमच्या गावचा काशीरामशेठ आला. जमीन विमानतळात गेल्यापासनं शेठ शर्यतीचा बैल पाळतो. बैलाचं नाव पायलट. त्याच्या वाढदिवसाला एवढा केक येतो, की तो टेम्पोतनं वढायला पायलटलाच जुंपतात. मी डोळ्यांनी बघितलंय.

"बाय, पायलटला बंगला पायजे," शेठ बोलला.

समीक्षाचं तोंड एवढंसं झालं. "आजी, गोठा काढायला शिकले मी?"

"अगो, या मालकाकडं मोबाईल नाय," मी बोलली. "इचार कर."

पोरगी ताडकन उठली. जाऊन पायलटच्या बाजूला बसली. खाडीचं वारं कुठनं येतं, ऊन कुठं पडतं, शिंगं न घासता वळायला किती जागा लागते, सगळं बघून नकाशा काढलान. पायलट मधेमधे मान हलवायचा, पण सूचना एक नाय. भिंतीत बरोबर त्याच्या मानेच्या उंचीवर दावं बांधायची कडी दाखवली होती, ती बघून शेठ रडला.

नकाशा मंजुरीला हापिसात गेला. साहेबांनी चष्मा चढवला.

"भोगवटादार कोण?"

"बैल."

"बैल म्हटला की गोठा झाला. निवासी पट्ट्यात गोठा अनुज्ञेय नाही."

"मग आता?"

"नावाआधी श्री लावा."

श्री लावला. पण श्रींच्या घराला स्वयंपाकघर असल्याशिवाय मंजुरी नाय. संडास नसला तर नाय, तोबी कमोडचा. मग स्कूटरची पार्किंग. उंची बघणाऱ्या साहेबांनी तर भोगवटादाराची उंची शिंगांसहित मागवली, आणि विमान जाताना मान खाली ठेवीन असं हमीपत्र घेतलं. पायलटनं खुराचा ठसा दिला.

दिवाळीच्या आधी बंगला उभा रायला. समीक्षाची पाटी लागली. धर्मराजनं स्वतः मंडप घातला, आणि पायलट नव्या घरात शिरला तो न घासता वळला! पोरीचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू.

साहेब तपासणीला आले. त्यांची नजर बाजूच्या घरावर गेली.

"हे कोणाचं?"

"माजंच, साहेब," शेठ बोलला. "आज्यानं बांधलेलं."

"मंजूर नकाशा?"

"आज्याकडं पेन नव्हता."

"मग हे अनधिकृत. या गावात अधिकृत भोगवटादार एकच."

सगळे वळून पायलटकडं बघायला लागले. तो रवंथ करत होता.

शेठचं कुटुंब पायलटकडं भाड्यानं रायला गेलं. मालक शाकाहारी, म्हणून मासळी बंद झाली. शेठ सुकट खायला आमच्याकडं येतो, तोंड धुऊन जातो.

ही बातमी खारघरच्या एका बिल्डरला लागली. तो गाडी पळवत आला. "मॅडम, मंजूर नकाशा! हाच उलव्यात टॉवरभर चढवू. फक्त एका पायलटच्या जागेत दोन कुटुंबं. मधली भिंत फर्निचरमध्ये धरतात."

"माणसं वळणार कशी?"

"बैल अडकला तर शिंग मारतो. माणूस अडकला तर ग्रुपवर मेसेज टाकतो." मग त्यानं नकाशावर बोट ठेवलं. "ही कडी काढा पण."

समीक्षा गोड हसली. हसणं माज्यावर गेलंय. "कडी मंजूर नकाशात हाय. काढली तर परत साहेब."

कडी रायली.

टॉवर झाला. गेटवर समीक्षाचं नाव एवढं मोठं, की धर्मराजला फोटोत घ्यायला रस्त्यापलीकडं जावं लागतं. एकूण एक घर बुक. कोणी विचारलंच, तर बिल्डर सांगतो, कडी बाळाचा पाळणा बांधायला हाय.

तुमी हसताय? हसा. पण घरी गेलात की पलंग जरा सरकवून बघा, सरकत असला तर. मागं भिंतीत कडी असंल. पलंगावर बसलात, की बरोबर मानेला येते.