खंडेनवमीचा सेट टॉप बॉक्स

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांबरोबर नव्या सेट टॉप बॉक्सचीही पूजा करावी, असं बाळकृष्णअण्णांनी सकाळी आठला ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

खरं तर बॉक्स त्यांना नकोच होता. कमरीपेठेतल्या घरातला त्यांचा टीव्ही बावीस वर्षांचा, लाकडी शटरचा. पण केबलवाला हणमंत म्हणाला, "अण्णा, दसऱ्यापासून सगळं डिजिटल. बॉक्स नसला तर नुसत्या मुंग्या दिसतील बघा!" आदल्या दिवशी त्यानं बॉक्स जोडला आणि बजावलं, "टीव्हीची बटणं आता पिळायची नाहीत. चॅनेल बदलायचं ते ह्या रिमोटनं." बॉक्सला स्वतःचं एकही बटण नव्हतं.

आज अकरा वाजता मराठी चॅनेलवर अण्णांची मुलगी दीपश्री हिचं आधीच रेकॉर्ड झालेलं गाणं लागणार होतं. ही बातमी अण्णांनी दाजीबानपेठेतल्या आपल्या कापडदुकानात गिऱ्हाइकांना कापड दाखवण्याआधी सांगितली होती. धारवाडच्या सुभाष रोडवरून थोरली बहीण अंबूताई सहकुटुंब आली. घराच्या पुढल्या सोप्यात एकोणीस माणसं दाटीनं बसली.

पावणेअकराला अण्णांनी रिमोट दाबला. पडद्यावर एक बाई कन्नडमध्ये वांगी चिरत होत्या. पुन्हा दाबला. बाई चिरतच होत्या.

"सेल बघा की ओ," अण्णांच्या बायको वत्सलाबाई म्हणाल्या.

सेल बदलले. रिमोट तळहातावर आपटला. अण्णांनी खुर्चीवर चढून, मग जमिनीवर आडवं होऊन दाबून पाहिलं. (यंत्रांतलं आपल्याला कळतं, असं अण्णांचं मत होतं. हे मत इतर कुणाचंही नव्हतं.) वांगी कढईत पडली.

"मी बॉक्सच उघडतो!"

"पूजेची वस्तू आज हलवायची नाही," वत्सलाबाई कडाडल्या. "नवमीला? पोरीचं गाणं आहे, आणि तुम्ही अपशकुन करणार?"

"राहू दे की अप्पा, नंतर बघू," दीपश्री आईमागून पुटपुटली; वडिलांना ती अप्पा म्हणे. तिचा चेहरा उतरला होता.

अकरा वाजले. अण्णांच्या कपाळावर घाम आला. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीवर गावं आणि बापाच्या घरात वांग्याची भाजी दिसावी! त्यांना खरोखर रडू येत होतं. फोनवर हणमंत म्हणाला, "स्वल्प तडी अण्णा, जरा थांबा, आरती व्हायली आहे."

अकरा वाजून बारा मिनिटांनी हणमंत धापा टाकत आला. त्यानं बॉक्सकडे पाहिलं. बॉक्सच्या बरोबर मधोमध रुपयाएवढं गंध, त्यावर कुंकू, वर अक्षता, सगळं कडक वाळलेलं.

"अण्णा, रिमोटला दिसायचा डोळाच लिंपलायसा की ओ!"

बॉक्स जागचा न हलवता त्यानं ओल्या फडक्यानं गंध पुसलं. वत्सलाबाईंनी बॉक्सला नमस्कार केला. अण्णांनी बटण दाबलं आणि दीपश्री दिसली! गाण्याची शेवटची ओळ तेवढी मिळाली. अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

पडद्यावर निवेदिकेनं विचारलं, "गाण्याची गोडी कशी लागली?"

"अप्पांमुळे," पडद्यावरची दीपश्री म्हणाली.

अण्णांनी मान ताठ करून एकोणीस माणसांकडे एकेक करून पाहिलं.

"घरात काहीही बिघडलं की अप्पा स्वतःच दुरुस्त करतात," ती पुढे सांगत होती, "त्यामुळे आमचा टीव्ही वर्षातले सहा महिने बंदच असतो. मग गाण्याशिवाय करायचं काय?"

 अंबूताई म्हणाल्या, "हणमंता, आवाज जरा वाढव."